सभेच्या मागे किती खुर्च्या होत्या?

लातूर, ७ नोव्हेंबर २०२४

चि. गौरीस,

वर्तमानपत्रानं विधानसभा निवडणुकीच्या पानासाठी तुला इंटर्न म्हणून घेतल्याचं दादानं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. सोमवारी उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपली आणि १८ तारखेला संध्याकाळी प्रचार थांबेल. म्हणजे तुझ्या हाती दोन आठवडेही नाहीत. म्हणून लगेच लिहायला बसले.

उमेदवाराच्या गाडीत बसू नकोस. ‘ताई, आमच्यासोबतच चला, जेवणही तिथंच’ असं प्रेमानं म्हणतील. तरीही एसटीनं जा, नाहीतर कचेरीची गाडी माग. गाडीतून फक्त हार, फटाके आणि हात जोडणारी माणसं दिसतात. शिवाय रात्री दहाला परत कसं यायचं हे त्यांच्या मर्जीवर ठरतं, आणि तुझ्या वयाच्या मुलीनं ते त्यांच्या मर्जीवर सोडू नये. निघताना आणि पोचल्यावर डेस्कला फोन कर. यात संकोच करू नकोस.

सभेला गेलीस तर व्यासपीठासमोरच्या पत्रकारांच्या रांगेतून अर्ध्या तासानं ऊठ आणि मागं जाऊन उभी राहा. भाषण तुला दहा ठिकाणांहून मिळेल. मागं उभ्या असलेल्या बायका कुठल्या गावच्या आहेत, कशानं आल्या, भाषण संपायच्या आधी का उठल्या, हे कुणी पाठवणार नाही. गर्दीचा आकडा आयोजकाला विचारू नकोस, मंडपवाल्याला विचार. त्यानं किती खुर्च्या टाकल्या हे त्याला पक्कं ठाऊक असतं, कारण त्याचं बिलच त्यावर असतं.

मला मात्र तुला सभेपेक्षा आडत बाजारात पाठवावंसं वाटतं. सोयाबीनचा हमीभाव यंदा क्विंटलला ४,८९२ रुपये आहे. शेतकऱ्याच्या हातातली पट्टी बघायला माग. त्यावरचा भाव आणि हमीभाव यांतला फरक हीच आपल्या भागातली निवडणूक आहे. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त म्हणून माल परत गेला असेल, तर तो मग कुठं आणि काय भावानं विकला, हेही विचार. ‘मत कुणाला?’ हा प्रश्न टाळ. चौकात चार माणसांसमोर त्याचं खरं उत्तर कुणी देत नाही, आणि ते गुप्त ठेवायचा त्यांना हक्क आहे. ‘यंदा घरात कशाला पैसे कमी पडले?’ असं विचार. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये कशात गेले, हे बाईलाच विचार. नवरा शेजारून बोलायला लागला तर त्याचंही लिहून घे, मग थांब आणि पुन्हा तिच्याकडे वळ. याच आठवड्यात महायुतीनं २,१०० आणि महाविकास आघाडीनं ३,००० रुपयांचं आश्वासन दिलंय. त्यावर बाया काय हिशेब करताहेत, हे मुंबईत बसून कुणालाच कळणार नाही.

कागद वाचायची सवय आत्ताच लाव. प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्यात मालमत्ता, कर्ज, पाच वर्षांचं उत्पन्न, गुन्हे सगळं असतं. उमेदवार मागच्या वेळीही उभा असेल, तर २०१९ चं शपथपत्र शेजारी ठेवून वाच. ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांना प्रचारात तीन वेळा ते छापून जाहीर करावं लागतं. त्या जाहिराती बारीक अक्षरांत कुठल्या तरी पानावर सापडतील, त्यांची कात्रणं ठेव.

आता पैशांचं. २००९ च्या विधानसभेला आपल्या राज्यात पेड न्यूजचा जो बाजार मांडला गेला, तो पी. साईनाथ यांनी उघड केला. एकाच नेत्याच्या कौतुकाचा तोच मजकूर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० साली त्यावर लिहिलेला अहवाल मिळवून वाच. मी तेव्हा जिल्ह्यात बातमीदारी करत होते. पाकीट न घेणाऱ्यांच्या बातम्या मागं पडताना मी पाहिल्या आहेत, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तुला कुणी पाकीट, साडी, मिठाईचा डबा, काहीही दिलं तर तिथंच परत कर आणि त्याच दिवशी संपादकांना सांग. तयार मजकूर हातात देऊन ‘एवढं तुमच्या नावानं लावा’ असं कुणी म्हटलं, मग तो कचेरीतला वरिष्ठ का असेना, नाव द्यायला नकार दे. इंटर्नशिप गेली तरी चालेल. नाव तुझं आहे, ते तुला पुढं चाळीस वर्षं वापरायचंय.

२० तारखेला मतदान संपल्यावर एका तरी केंद्रावर थांब. केंद्राध्यक्ष तिथं हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला नमुना १७-क देतात, त्यात त्या केंद्रावरच्या मतदान यंत्रावर किती मतं नोंदली गेली हे असतं. ओळख काढून दोन वेगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींकडचा आकडा ताडून पाहा आणि वहीत लिहून ठेव. २३ ला मोजणीच्या वेळी तो उपयोगी पडेल. मतदान आणि मोजणी केंद्रात जायला आयोगाचं प्राधिकारपत्र लागतं. ते तुझ्या नावानं मागितलंय का, हे उद्याच विचार. विद्यार्थ्यांची नावं यादीत घालायची राहून जातात.

तुझी,
आत्या