रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव घाबरतो: मांडू-धार-देवासकरांनी कुठे जायचे, किती लागतात

रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, काही नाही. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री पुन्हा धडधडले, हात आपोआप नाडीवर गेला आणि सकाळी तुम्ही धारच्या बसची वेळ विचारायला लागलात. गेल्या सहा महिन्यांत असे तीनदा झाले असेल, तर पुढच्या तपासणीचे पैसे भरण्याआधी हे वाचा. आजाराची सतत लागून राहिलेली धास्ती हा स्वतःच एक आजार आहे. त्यावर इलाज आहे, आणि तपासण्यांच्या फेऱ्यांपेक्षा तो बहुधा स्वस्त पडतो.

खऱ्या धोक्याची लक्षणे आधी. छातीत दाब येऊन घाम फुटणे, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, तोंड वाकडे होणे, जीभ जड होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, शुद्ध हरपणे: लगेच १०८. ही रुग्णवाहिका मोफत आहे. थुंकीतून किंवा शौचातून रक्त, कारण नसताना उतरणारे वजन, दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला किंवा ताप: याच आठवड्यात डॉक्टर. असा खोकला क्षयाचाही असू शकतो, आणि देवासला क्षय म्हटले की जुन्या माणसांना गायक कुमार गंधर्व आठवतात. १९४८ मध्ये ते क्षयासाठी हवापालट म्हणून इथे आले आणि काही वर्षे गाणे बंद ठेवावे लागले. आज क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, नेहमीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. तेव्हा शंका असेल तर दाखवा. एकदा, नीट, एकाच डॉक्टरला.

पैसे कुठे गळतात

माझ्या कपाटात एक निळी प्लास्टिकची फाइल आहे, कोपरा फाटलेला. आत एका वर्षाचे चार ईसीजी, एक इको, दोन सोनोग्राफी, दोनदा थायरॉइड आणि रक्ताचे इतके कागद की रबर बसत नाही. सगळ्यात जुना ईसीजी आता पुसट होऊन जवळजवळ कोरा पडलाय. त्या वर्षी मानेत मटराएवढी गाठ हाताला लागली. ती आहे की गेली हे बघायला दिवसातून वीसवीसदा दाबून पाहायची सवय जडली. दाबून दाबून जागा सुजली, दुखायला लागली. दुखते म्हणून सोनोग्राफी. शेवटी एका डॉक्टरांनी बोट लावून पाहिले आणि म्हणाले, ‘आठ दिवस हात लावू नका, मग या.’ आठ दिवसांनी सूज नव्हती. त्या वर्षी तपासण्यांवर जे गेले, त्यात मानसोपचाराची बारा सत्रे सहज झाली असती, इंदूरच्या भाड्यासकट.

सगळ्यात मोठा सापळा ‘फुल बॉडी चेकअप’चा. हजाराच्या आत पन्नास-साठ घटक, घरी येऊन रक्त घेणार. पण लॅबची नॉर्मल मर्यादा बहुतेक वेळा अशी आखलेली असते की शंभर धडधाकट माणसांतली पाच तिच्या बाहेर पडतात. साठ घटक मोजले की एखादा आकडा ठळक अक्षरांत येणारच. मग तज्ज्ञाची फी, पुढची तपासणी, पुढचे भाडे. हजार रुपये ही नुसती प्रवेश फी असते. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय पॅकेज घेऊ नका.

दुसरी गळती विम्याची. ‘दोन दिवस ॲडमिट होऊन सगळ्या तपासण्या करून घेऊ, मेडिक्लेम आहेच,’ असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. निव्वळ तपासणीसाठी दाखल होणे पॉलिसीतल्या ठरलेल्या अपवादांत बसते. दावा फेटाळला की बिल तुमच्या खिशातून जाते.

तिसरी गळती कोणी हिशेबात धरत नाही: बुडलेला रोज, सोबत येणाऱ्याचाही बुडलेला रोज, दोघांचे भाडे आणि बाहेरचे जेवण. मांडूहून धार सुमारे ३५ किलोमीटर, इंदूर शंभराच्या आसपास. एक फेरी म्हणजे अख्खा दिवस.

आणि एक शॉर्टकट, जो सगळ्यात महाग पडतो. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून ‘झोपेची, घबराहटीची’ गोळी. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या अर्ध्या तासात शांत करतात, म्हणूनच सवय लागते. काही आठवड्यांत एकीच्या दोन होतात आणि एकदम बंद केल्या की घबराहट दुपटीने उसळते. चिठ्ठीशिवाय ही गोळी देणे बेकायदा आहे. आधीपासून घेत असाल तर आज रात्री बंद करू नका. डॉक्टरांना सांगून टप्प्याटप्प्याने उतरवा.

धास्ती एकटी येते का?

पुष्कळदा नाही. तिच्यामागून उदासी येते, किंवा उदासीच आधी आलेली असते आणि शरीरातून बोलते. अंग जड, छातीवर दगड, भूक मेलेली, वजन उतरलेले, पहाटे तीनला जाग, पोटात गॅस. धास्तावलेला माणूस यातले एकेक लक्षण आजाराचा पुरावा म्हणून धरतो, तपासणीला धावतो, काही निघाले नाही की आणखी खचतो. घरचे वैतागतात, ‘तुला काही झालेले नाही’ म्हणतात, आणि तो बोलणेच सोडतो. ‘घाबरतो’ हे सगळ्यांना दिसते. ‘कशात मन लागत नाही’ हे कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. डॉक्टरकडे हे दुसरे वाक्य आवर्जून सांगा.

घरी करता येणारी एक फुकट चाचणी आहे: पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. मराठीतही मिळते. बेरीज १० किंवा वर गेली तर डॉक्टरांना दाखवा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आले तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कोणाशी तरी बोला. ही चाचणी निदान करत नाही, आणि रोज भरायचीही नाही. महिन्यातून एकदा पुरे. रोज भरलीत तर तीही नाडी तपासण्यासारखीच होऊन बसेल.

कुठे जायचे, किती लागतील

घरबसल्या सुरुवात: टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा, २०२२ पासून, चोवीस तास, मोफत. कागद लागत नाही. मराठीसह अनेक भाषांत चालते. मराठी मागून पाहा, त्या वेळी नाही मिळाली तर हिंदीत बोला. समुपदेशक ऐकून घेतो आणि गरज पडली तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो.

सरकारी रुग्णालय: धारला भोज जिल्हा रुग्णालय, देवासला महात्मा गांधी जिल्हा रुग्णालय. खिडकीवर ‘मनकक्ष कुठे आहे’ असे विचारा. मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांतल्या मानसिक आरोग्याच्या खोलीला हेच नाव आहे. पर्ची नाममात्र पैशांत, उपलब्ध औषधे मोफत. डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात हे आदल्या दिवशी फोनवर किंवा ओळखीच्या आशा कार्यकर्तीकडून विचारून घ्या. पुढचा टप्पा इंदूर: एम.वाय. रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा बाणगंगेचे मानसिक रुग्णालय. बाणगंगेचे नाव ऐकून घरचे दचकतात. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी परत येता येते. दाखल होण्याशी त्याचा संबंध नाही.

पीथमपुरात किंवा देवासच्या कारखान्यात काम करता आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे? मग बहुधा तुमचे ईएसआय कार्ड आहे. त्यावर मानसिक आजाराचा ओपीडी इलाज आणि औषधेही मिळतात, घरच्यांनाही. पगारातून हप्ता दर महिन्याला कापला जातोच आहे, वापरा. आयुष्मान कार्ड मात्र दाखल झाल्यावरच चालते. ओपीडीसाठी त्याच्या भरवशावर निघू नका.

खासगी: इंदूरसारख्या शहरात मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट साधारण ५०० ते १,५०० रुपयांच्या घरात, मानसशास्त्रज्ञाचे एक सत्र ८०० ते २,००० च्या घरात. फोनवरच चार गोष्टी विचारा: पहिल्या आणि पुढच्या भेटीची फी वेगळी आहे का, सत्र किती मिनिटांचे, चुकले तर पैसे लागतात का, व्हिडिओवर होते का. दहा सत्रांचे पैसे आधी मागणाऱ्याकडे जाऊ नका.

पाटीवरची पदवी नीट वाचा. औषध लिहिणारा मानसोपचारतज्ज्ञ एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागायला संकोच करू नका. नुसते ‘काउन्सेलर’ कोणीही लिहू शकतो.

पहिल्या भेटीला काय न्यायचे

आधार कार्ड, असेल तर ईएसआय किंवा आयुष्मान कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटे. फाइल न्या, पण वर एक पान लावा: कोणती तपासणी, कोणत्या महिन्यात, निष्कर्ष काय. याने पैसे वाचतात, कारण नवा डॉक्टर सहसा तेच पुन्हा करायला सांगत नाही. खाली चार ओळी: धास्ती कधीपासून, दिवसातून किती वेळा तपासून पाहता, झोप किती, कोणती कामे सुटली. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड या मोजक्या तपासण्या डॉक्टर सांगतील तर करा. थायरॉइड बिघडला की धडधड आणि उदासी दोन्ही होऊ शकतात, म्हणून ती एकदा करण्यात अर्थ आहे.

इलाजाला किती वेळ? औषध दिले तर बहुधा एस्सिटालोप्राम किंवा त्याच गटातले. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहापर्यंत. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, घबराहट थोडी वाढूही शकते. तुमच्यासारखी माणसे नेमकी इथेच ‘रिॲक्शन आली’ म्हणून गोळी सोडतात. सोडू नका, फोन करा. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात. या गोळ्यांची अल्प्राझोलामसारखी सवय लागत नाही, पण मनाने एकदम बंदही करायच्या नाहीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. तिथली औषधे ब्रँडेडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असल्याचे सरकार सांगते.

आजाराच्या धास्तीवर सगळ्यात जास्त तपासून पाहिलेला इलाज म्हणजे विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती, सीबीटी. साधारण ८ ते १६ सत्रे, आठवड्याला एक. मांडूहून दर आठवड्याला इंदूर परवडणारे नाही. पहिली एक-दोन सत्रे समोर बसून, बाकीची व्हिडिओवर, अशी बोली आधीच करून घ्या. तिथला गृहपाठ तुम्ही आजही सुरू करू शकता: नाडी बघावीशी वाटली की दहा मिनिटे थांबा, पुढच्या आठवड्यात वीस. लक्षण गूगलवर शोधणे बंद. डॉक्टर एकच, आणि भेट ठरलेल्या तारखेला, महिना-दीड महिन्यातून एकदा. दुखले म्हणून नव्हे, तारीख आली म्हणून जायचे. अवघड आहे. पहिले पंधरा दिवस फार अवघड जातात.

घरच्यांसाठी. ‘काही नाही होत’ हे दिवसातून दहादा सांगू नका, आणि चिडूही नका. एकदा सांगा, ‘तुझी तारीख बावीसला आहे, तेव्हा विचारू,’ आणि मग दुसऱ्या कामाला लावा. माणूस अबोल झाला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर एकटे सोडू नका. शेतावरची आणि घरातली कीटकनाशके, जादा गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. १४४१६ रात्रीही लागतो. तातडीचे असेल तर १०८ किंवा ११२. आत्महत्येचा प्रयत्न झाला तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरले जाते आणि त्याला उपचार मिळण्याचा हक्क आहे. तुमची माहिती गुप्त ठेवणे हेही त्याच कायद्याने डॉक्टरवर बंधनकारक आहे. नात्यात, गल्लीत कळेल या धाकाने थांबू नका.

त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे लागते. पण बहुतेक पॉलिसी फक्त दाखल झाल्यावर पैसे देतात, ओपीडीची फी देत नाहीत. नवी पॉलिसी घेताना चालू गोळ्या लपवू नका. पुढे दावा अडतो.

पावसाळ्यात मांडूहून निघणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. सोमवारी ओपीडीत गर्दी असते. मंगळवार-बुधवार बरे, सकाळची पहिली बस धरा आणि परतीची शेवटची किती वाजता आहे ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी पुढची तारीख पर्चीवर लिहून घ्या.