पंचवीस घरं, एकच घोडा

बुद्धिबळाला दुसरा माणूस लागतो आणि मोकळी संध्याकाळही. दोन्ही एकदम मिळणं कठीण. म्हणून मी चौकटीच्या वहीत पाच बाय पाचचा पट आखते, एका घरात १ लिहिते आणि अडीच-अडीच घरं चालवत घोडा २५ पर्यंत नेते. एका घरात दोनदा जायचं नाही. कुकरच्या शिट्ट्या होईतो एक डाव होतो.

१. चार बाय चारच्या नादी लागू नका. लहान असला तरी तो सुटतच नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांच्या वाटा त्याच दोन घरांतून जातात. त्याहून लहान तीन बाय चारचा पट मात्र सुटतो!

२. घोडा प्रत्येक चालीला रंग बदलतो. २५ घरांत कोपऱ्याच्या रंगाची १३, दुसऱ्या रंगाची १२. त्या बारांपैकी एकावरून निघालात तर डाव मांडतानाच बुडाला. कोपऱ्याला चिकटलेलं घर त्यांतलंच.

३. सगळी गोम कोपऱ्यांत आहे. प्रत्येक कोपऱ्याला दोनच वाटा आणि त्या मध्यघराला चिकटलेल्या चार घरांत उतरतात. चारही कोपरे वाटेतच घ्यायचे म्हटलं, तर ही आठ घरं आपसांत गोल फिरतात आणि बाकीची सतरा बाहेर राहतात. म्हणून फेरीचं एक टोक कोपऱ्यातच असावं लागतं. हे उमगल्यावर मी पहिली आठ घरं याच गोलात उरकू लागले: कोपरा, आतलं घर, पुढचा कोपरा, असं. मग उरलेल्या सोळा घरांतून काठाकाठाने फिरायचं आणि पंचविसावं मध्यघर. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी हीच वाट दाखवते.

४. अडलात तर पुढच्या वाटा मोजा. ज्या घरातून पुढे जायला सर्वांत कमी घरं उरली आहेत, तिथे आधी जा. वार्न्सडॉर्फ या जर्मन गृहस्थाने १८२३ मध्ये हा नियम मांडला. दोन घरांत बरोबरी झाली की तो दगा देऊ शकतो, तरी अंदाजाने उड्या मारण्यापेक्षा फार बरा. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाला असा नियम ठाऊक होता की नाही कोण जाणे; त्याच्या ‘काव्यालंकारा’त मात्र अर्ध्या पटावर मांडलेला श्लोक आहे, सरळ वाचा की घोड्याच्या चालीने, अक्षरं तीच. आपण नुसते आकडे लिहितो, त्यावर कुरकुर कसली?

५. पेन्सिल घ्या. मोबाइलवरच्या खेळात पुढची घरं आपोआप उजळतात. त्यात मजा नाही.

६. हात बसला की मध्यघरातून सुरुवात करा. एका कोपऱ्यातून ३०४ पुऱ्या फेऱ्या निघतात, मध्यातून फक्त ६४. शेवट कोपऱ्यात होणार हे आधीच ठरलेलं. कोणता कोपरा राखून ठेवायचा, ते मात्र पहिल्या काही चालींतच ठरवून टाका.