उच्चारभेद आणि कार्यालयीन सौजन्य

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण व मालेगाव भागांत अहिराणी, तर सुरगाणा व पेठ भागांत कोकणा बोली कानी पडते. या भागांतील कर्मचारी अनेकदा एकाच कचेरीत शेजारी बसून काम करतात. अहिराणीत 'ळ'च्या जागी 'य' येतो; 'डोळा'चा 'डोया' होतो. हा त्या बोलीचा नियम आहे, बोलणाऱ्याचा निष्काळजीपणा नव्हे. आज शिष्ट मानला जाणारा 'इस्पितळ' हा शब्दही परकीय शब्दाचा उच्चार बदलूनच मराठीत रुळला आहे.

तरीही सहकाऱ्याच्या उच्चारावर कधी कधी हशा पिकतो. हसणारा ते विसरतो. ज्याला हसले जाते, तो मात्र पुढील सभेत बोलण्यास धजत नाही. पाड्यावरील जी अडचण केवळ त्यालाच ठाऊक असते, ती मग वरिष्ठांपर्यंत पोचतच नाही.

मग दुरुस्ती केव्हा करावी? अर्थ वा आकडा बदलत असेल तेव्हा अवश्य करावी. दूरध्वनीवर 'सात'चे 'साठ' ऐकले गेल्यास नोंदच चुकते. म्हणून आकडा परत वाचून दाखवावा. एरवी उत्तर देताना तोच शब्द आपण प्रमाण रीतीने सहज उच्चारावा. सांगणे आवश्यकच असेल, तर ते एकांतात व एकदाच सांगावे. शिक्षकांनी वर्गातही हेच पथ्य पाळावे.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. त्या कारभारात गावच्या बोलीलाही निःसंकोच बोलता आले, तरच तो खऱ्या अर्थाने लोकांचा होईल.