फिक्या रंगाला फसू नकोस

अगं, क्वीन्सटाउनला निघालीस, तेही ऐन एप्रिलमध्ये, आणि धास्ती कसली घेतलीस, तर वाइन टेस्टिंगला चारचौघांत आपल्याला काही कळणार नाही याची! ती आधी डोक्यातून काढ. निफाडच्या द्राक्षबागेत वाढलेली मुलगी तू. चारदोन गोष्टी सांगते, तेवढ्या लक्षात ठेव.

तो भाग म्हणजे सेंट्रल ओटागो. 45 अंश दक्षिण अक्षांश, जगातल्या अगदी दक्षिणेकडच्या द्राक्षबागांपैकी एक. बाकी न्यूझीलंडला समुद्राचा वारा लागतो. इथे डोंगर तो अडवतात. त्यामुळे पाऊस कमी, दिवस कडक उन्हाचे आणि रात्री गार. 1860च्या दशकात सोन्यासाठी तिथे झुंबड उडाली, तेव्हाच फेरो नावाच्या एका फ्रेंच माणसाने क्लाइडला द्राक्षं लावली होती. पण पुढे सगळं थंडावलं. त्यानंतर बाजारात विकायची पहिली वाइन थेट 1987 साली गिब्स्टनमधून आली. आज तिथल्या लागवडीत तीन चतुर्थांशांहून जास्त वाटा एकट्या पिनो न्वारचा आहे.

आता हे पिनो न्वार नीट समजून घे. पातळ सालीचं, गच्च घडाचं, लवकर पिकणारं द्राक्ष. वाइनचा लाल रंग सालीतून उतरतो आणि इथे सालच पातळ, म्हणून ग्लास कलता धरलास तर पलीकडची बोटं दिसतील. कुणी म्हणेल, ‘ही तर पाणचट दिसते.’ तू मान डोलावू नकोस. आधी वास घे: चेरी, आलुबुखार, कधी रानातल्या पाल्याचा गंध. मग छोटा घोट. गार रात्रींमुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो, तोच जिभेला तरतरी देतो.

या फिक्या रंगामागे कष्ट किती आहेत, ते तुला चटकन कळेल. थंडीची लाट आली की अप्पा बागेत शेकोट्या पेटवायचे, पहाटे पाणी सोडायचे, आठवतं ना? आपल्याकडे घोर मण्यांच्या फुगवणीचा. तिथे वसंतातल्या कोवळ्या फुटीचा. एका रात्रीच्या हिमाने वर्षाचं पीक जातं. म्हणून कुणी वेलींवर तुषार सोडतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे बर्फाच्या आवरणात फूट जिवंत राहते. कुणी मोठे पंखे लावतात, तर कुणी हेलिकॉप्टर बागेवरून फिरवून वरची ऊबदार हवा खाली ढकलतात. तू जाशील तेव्हा तोडणी चालू असेल. आधी बागेत जा, माती हातात घे, माणसांना विचार. शेतकऱ्याच्या लेकीला हे विचारायला लाज कसली?

चव घेताना गिब्स्टन आणि बेंडिगो शेजारी शेजारी मागव. गिब्स्टन उंचावर आणि गार, तिथली वाइन हलकी नि तरतरीत; बेंडिगो उबदार, तिथली जास्त भरदार. फरक तुझा तुलाच कळेल. बाटलीला फिरकीचं झाकण दिसलं तर हलकी समजू नकोस. तिथे भारीतल्या भारी बाटलीलाही तेच असतं. घरी आणलीस तर उघडण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव, आपल्या हवेत ती तापते. सोबत मशरूम किंवा मिरपूड-लसणातलं मटण कर. झणझणीत रश्श्यापुढे तिचा नाजूकपणा हरवतो.

आणि एक, हे मनापासून सांगते. टेस्टिंगला भांडं ठेवलेलं असतं. त्यात घोट टाकून देणं हा तिथला रिवाज आहे, त्यात अपमान नाही. गाडी चालवणाऱ्याने तर तसंच करावं. नको वाटलं तर सरळ ‘नको’ म्हण. आवडली नाही तर तसंही सांग. किंमत, रंग, बाजूच्याचा चेहरा, यांतलं काहीही बघून मत बनवू नकोस. तुझी जीभ जे सांगेल ते खरं मान, आणि ते चारचौघांत मोकळेपणाने बोल.

तुझी ताई