स्पॅनिश घरांतील सामान

परभाषा शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याच्या वहीचीं पहिलीं पानें बहुधा घरगुती सामानाच्या नांवांनीं भरलेलीं असतात. खुर्ची, मेज, पलंग, कपाट, आरसा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे स्पॅनिश. परीक्षेच्या दिवशीं हें सर्व मुखोद्गत असतें, आणि पंधरवडा लोटतांच त्यांतील निम्मे शब्द उडून गेलेले असतात. पालक म्हणतात, मुलाची स्मरणशक्ति कमी. मुलगा म्हणतो, भाषाच कठीण. आमच्या मतें दोघांचेंही निदान चुकीचें आहे. दोष आहे तो डावीकडील इंग्रजी रकान्याचा. मराठी बोलणारा मुलगा स्पॅनिश घरांत शिरावयास निघतो तो इंग्रजी अंगणांतून वळसा घेऊन, आणि त्या वळशांत जवळची अर्धी शिदोरी सांडून बसतो.

ही शिदोरी कोणती तें पाहूं. प्रथम लिंगविचार घ्या. इंग्रजींत निर्जीव वस्तूला लिंग नाहीं. म्हणून मेज स्त्रीलिंगी आणि कपाट पुल्लिंगी हें ऐकून इंग्रज मुलाला हंसूं येतें. आपल्याला त्यांत नवल तें काय? तो पलंग, ती खुर्ची, तें कपाट असें आपण बोलूं लागल्या दिवसापासून म्हणत आलों आहों. स्पॅनिश नामांत नपुंसकलिंग नाहीं, दोनच लिंगें आहेत. म्हणजे आपल्यापेक्षां ओझें एकानें कमीच. पुल्लिंगी नामापूर्वीं 'एल' आणि स्त्रीलिंगी नामापूर्वीं 'ला' हें उपपद येतें. ला सिया म्हणजे खुर्ची, ला मेसा म्हणजे मेज, ला कामा म्हणजे पलंग, एल आर्मारियो म्हणजे कपाट, एल एस्पेखो म्हणजे आरसा, ला लाम्पारा म्हणजे दिवा. विशेषणही आपल्याप्रमाणेंच नामाच्या लिंगाला धरून चालतें, मात्र तें बहुधा नामाच्या मागून येतें. पांढरी खुर्ची ही 'ला सिया ब्लांका' आणि पांढरें कपाट हें 'एल आर्मारियो ब्लांको'. आपला 'लाल' शब्द कोणत्याही लिंगांत बदलत नाहीं. त्यांच्याकडे तांबड्या रंगाचीं रोखो व रोखा अशीं दोन रूपें होतात, पण हिरव्याचें 'बेर्दे' मात्र जसेंच्या तसें राहतें.

मराठींतील लिंग स्पॅनिशमध्यें तसेंच उतरेल, असें मात्र कोणी समजूं नये. खुर्ची आणि सिया दोन्ही स्त्रीलिंगी निघाल्या तो योगायोग. पलंग पुल्लिंगी असून कामा स्त्रीलिंगी आहे. शेवटीं 'आ' असल्यास बहुधा स्त्रीलिंग आणि 'ओ' असल्यास बहुधा पुल्लिंग, हा नियम उपयोगी खरा. परंतु 'सोफा' हा शब्द 'आ'नें संपूनही पुल्लिंगी आहे, आणि 'ए'नें संपणाऱ्या शब्दांपुढें तर नियमच थकतो. एल एस्तान्ते म्हणजे फळी अथवा मांडणी, ती पुल्लिंगी. ला याबे म्हणजे चावी, ती स्त्रीलिंगी. यासाठीं 'सिया' असा उघडा शब्द वहींत कधींच लिहूं नये. 'ला सिया' असा उपपदासह लिहावा व उपपदासहच पाठ करावा. उपपद सोडून शिकलेला शब्द पुढें दुसऱ्यांदा शिकावा लागतो.

उच्चारांतही मराठी मुलाची बाजू भक्कम आहे. स्पॅनिशांतील त आणि द हे आपल्या दंत्य त-द सारखे आहेत, इंग्रजींतील ट-ड सारखे नव्हेत. स्वर पांचच, आणि ते स्पष्ट. ज्याला आम्हीं येथें 'सिया' लिहिलें त्यांत दोन 'एल' अक्षरें जोडून येतात. स्पेनच्या कांहीं भागांत त्यांचा उच्चार 'ल्य'च्या जवळचा होतो, बहुतेक ठिकाणीं 'य' होतो, आणि ब्यूनस आयर्सकडे तर 'श'. तसेंच पुढें जेथें आम्ही 'स' लिहूं तेथें कित्येक शब्दांत स्पेनचे लोक 'थ'सारखा उच्चार करतात. आम्ही अमेरिकेंतील रीत धरली आहे. 'काखा' म्हणजे पेटी. हा शब्द ऐकून वर्गांत हंशा पिकतो. पिकूं द्यावा, कारण तो मग कोणी विसरत नाहीं.

याच काखेवरून एक मौज दाखवितों. मराठींत लहान ती डबी, मोठा तो डबा. लहान सुरी, मोठा सुरा. खुंटी आणि खुंटा. वस्तु मोठी झाली कीं तिचें लिंगही पालटतें. स्पॅनिशमध्यें 'ओन' हा प्रत्यय लागला कीं असेंच घडतें. ला सिया ही साधी खुर्ची, परंतु एल सियोन ही हात असलेली ऐसपैस आरामखुर्ची, आणि ती पुल्लिंगी. ला काखा ही पेटी. एल काखोन म्हणजे मोठें खोकें आणि मेजाचा खणही. उलट लहानपणा दाखवावयाचा असल्यास इतो-इता हे प्रत्यय आहेत. मेसा लहान झाली कीं मेसिता. डबा-डबी बोलणाऱ्या मुलाला हें समजावयास पांच मिनिटें पुरतात.

आतां शब्दांच्या पोटांत शिरूं. सामानाच्या प्रत्येक जिनसाला स्पॅनिशमध्यें 'म्वेब्ले' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'हलविता येणारें'. त्यांच्या कायद्यांत घर-जमिनीला 'इन्म्वेब्ले' म्हणजे न हलणारी मालमत्ता म्हणतात. आपल्या खतपत्रांतील स्थावर आणि जंगम हे शब्द ज्यानें ऐकले आहेत त्याला ही जोडी वेगळी शिकवावयास नको. खिडकीला 'बेन्ताना' म्हणतात. तो शब्द लॅटिनांतील वारा या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे, आणि तो लॅटिन शब्द व आपला 'वात' हे एकाच घराण्यांतले. संस्कृतांत खिडकीला वातायन हा शब्द आहेच. 'सिया'च्या मुळाशीं बसणें या अर्थाचा जो धातु आहे तोच संस्कृतांत सद् होय. सभासद आणि परिषद् या शब्दांत तो आजही बसलेला आहे. 'एस्पेखो' हा शब्द पाहणें या अर्थाच्या धातूवरून आला. आपला आरसा 'आदर्श' या शब्दापासून आला, आणि त्यांतही दृश् म्हणजे पाहणें हाच धातु आहे.

सर्वच शब्द मात्र लॅटिन नव्हेत. उशीला 'आल्मोआदा', गालिच्याला 'आल्फोम्ब्रा', पेल्याला 'तासा', पाण्याच्या सुरईसारख्या भांड्याला 'खार्रा'. हे सारे अरबी आहेत. ७११ सालीं मुसलमानी सैन्य स्पेनांत उतरलें, आणि त्यानंतर जवळजवळ आठ शतकें त्या देशाच्या कमीअधिक भागावर अरबी भाषेचा अंमल राहिला. आरंभींचा 'आल्' हें अरबी उपपद आहे. ऐकणारांनीं तें शब्दाचाच भाग समजून गिळून टाकलें, आणि वर आणखी आपलें 'ला' लाविलें! 'आल्मोआदा'च्या मुळाशीं गाल या अर्थाचा अरबी शब्द आहे. आपल्याकडील वडील मंडळी लहान उशीला 'गालउशी' म्हणत, कल्पना तीच. 'तासा' हा अरबीनें फारसींतून घेतला, आणि त्याच फारसी शब्दानें आपल्याला 'तस्त' दिलें.

येथें विद्यार्थ्यांनीं थोडा विचार करावा. खुर्ची आणि मेज लॅटिन, पण उशी आणि गालिचा अरबी, असें कां? अरबांच्या घरांत बसणें जमिनीलगतचें. बैठक, उशा आणि गालिचे हेंच तेथील मुख्य सामान. जें ज्यांच्याकडून उत्तम मिळालें त्याचें नांवही त्यांचेंच राहिलें. ही बैठकीची चाल स्पेनांतून लवकर गेलीही नाहीं. सतराव्या शतकांतसुद्धां तेथील थोरामोठ्यांच्या घरच्या स्त्रिया गालिच्यावर उशा टाकून बसत. त्या किंचित् उंच जागेला 'एस्त्रादो' म्हणत. लोड-तक्क्यांची बैठक ज्या घरीं अजून आहे त्या मुलांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. आपल्या घरांतही असाच मेळा आहे: खुर्ची अरबी-फारसी, गालिचा व पडदा फारसी, कपाट संस्कृत, टेबल इंग्रजी. जुन्या वाड्यांतील 'सोपा' हा शब्द कोशकार अरबी 'सुफ्फा' या शब्दाकडे नेतात. युरोपांतील सोफा त्याच शब्दाचा वंशज. एक शब्द पूर्वेस येऊन ओसरी झाला, दुसरा पश्चिमेस जाऊन आसन झाला.

स्पॅनिशच्या इतिहासांत १४९२ हें साल पाठ ठेवण्यासारखें आहे. जानेवारींत ग्रॅनाडा पडलें आणि तेथील शेवटचें मुसलमानी राज्य संपलें. ऑगस्टांत आंतोनियो दे नेब्रिखा याचें कास्तील भाषेचें व्याकरण छापून झालें. ऑक्टोबरांत कोलंबसाचीं जहाजें अमेरिकेच्या बेटांना लागलीं. एक दार मिटलें आणि दुसरें उघडलें. त्या दुसऱ्या दारानें आलेल्या शब्दांत सामानाचेही शब्द आहेत. 'आमाका' म्हणजे दोन टोकांस बांधलेला झोळीसारखा पाळणा. हा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा शब्द. 'बुताका' म्हणजे गुबगुबीत खुर्ची, नाटकगृहांतील आसनसुद्धां. हा व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या भाषेंतून आला. ज्या लोकांचीं राज्यें गेलीं, कित्येकांच्या भाषाही गेल्या, त्यांचा एक शब्द आज माद्रिदच्या नाटकगृहांत प्रत्येक तिकिटामागें उच्चारला जातो.

आपल्या किनाऱ्यावर स्पॅनिश आली नाहीं, पण तिची सख्खी बहीण पोर्तुगीज आली. गोव्यांत ती १५१० पासून १९६१ पर्यंत राज्य करीत होती, आणि वसई १५३४ पासून, चिमाजी अप्पांच्या सैन्यानें १७३९ सालीं ती घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडे होती. म्हणून कित्येक स्पॅनिश शब्द आपल्या घरांत आधींच येऊन बसले आहेत. चावी आणि याबे या एकाच लॅटिन शब्दाच्या दोन मुली. शब्दारंभींच्या 'क्ल'चा पोर्तुगीजांनीं 'च' केला, स्पॅनिशांनीं 'य'. साबण तो तिकडे खाबोन, टुवाल ती तोआया, बादली ती बाल्दे, अलमारी ती आर्मारियो. आमच्या गोमंतकीय विद्यार्थ्यांना मात्र एक सावधगिरीची सूचना. कोंकणींत खुर्चीला 'कदेल' म्हणतात, तो पोर्तुगीज 'कादेइरा'. स्पॅनिशमध्यें 'कादेरा' शब्द आहे, पण त्याचा अर्थ कमरेखालचा खुबा! दोहोंचें मूळ एकच, आसन या अर्थाचें. बिशपांचें आसन जेथें असतें त्या मंदिरास कॅथीड्रल म्हणतात तेंही त्यावरूनच. एकीनें आसनाचें नांव राखलें, दुसरीनें आसनावर टेकणाऱ्या अवयवाला दिलें. इंग्रजीवर विसंबणारांसाठीं असेच खड्डे आहेत: 'कार्पेता' म्हणजे गालिचा नव्हे, कागद ठेवण्याची जुडणी, 'बासो' म्हणजे फुलदाणी नव्हे, पाणी पिण्याचा प्याला.

शब्द जमले म्हणजे वाक्यें करावीं. 'दिवाणखान्यांत एक मेज आहे' आणि 'मेज दिवाणखान्यांत आहे', या दोहोंत आपण 'आहे' हेंच क्रियापद वापरतों; भेद फक्त शब्दक्रमाचा. स्पॅनिशमध्यें क्रियापदच निराळें. एखादी वस्तु आहे एवढेंच सांगणें असल्यास 'आय'. ठाऊक असलेली वस्तु कोठें आहे हें सांगणें असल्यास 'एस्ता'. आय उना मेसा एन ला साला. ला मेसा एस्ता एन ला साला. वस्तु अनेक असल्या तरी 'आय' बदलत नाहीं, 'एस्ता'चें मात्र 'एस्तान' होतें. 'एन' या एकाच शब्दांत आपला 'त' आणि 'वर' दोन्ही मावतात: एन एल काखोन म्हणजे खणांत, एन ला मेसा म्हणजे मेजावर.

पालकांना आमची विनंति अशी कीं, आपल्याला स्पॅनिशचें एक अक्षरही येत नसलें तरी या अभ्यासांत आपण मोठी मदत करूं शकतां. घरांतील वस्तूंवर नांवांच्या चिठ्ठ्या चिकटविण्याची पद्धत चांगली आहे. पण चिठ्ठी आठ दिवसांनीं काढून टाकावी, नाहीं तर डोळा वाचतो आणि जीभ निजते. पुढें स्वयंपाक करतां करतां सहज विचारावें, "बाळ, चावी कोठें आहे?" आणि उत्तर स्पॅनिशांतच मागावें: ला याबे एस्ता एन ला मेसा. मग चावी खणांत टाकावी आणि पुन्हां विचारावें. उत्तर शुद्ध आहे कीं नाहीं याची चिंता आपण करूं नये; ती आमच्याकडे सोंपवावी. आपण प्रश्न मराठींत विचारला म्हणजे मधला इंग्रजी रकाना आपोआप गळून पडतो.

सुटींतील अभ्यासासाठीं पुढील वाक्यें करून आणावीं. स्वयंपाकघराला 'ला कोसीना' म्हणतात, काळ्या रंगाला नेग्रो-नेग्रा. इतर शब्द वर आलेच आहेत. दिवाणखान्यांत एक तांबडी आरामखुर्ची आहे. चावी खणांत आहे. उशी पलंगावर आहे. स्वयंपाकघरांत एक पांढरी मेज आहे. हिरवा गालिचा दिवाणखान्यांत आहे. काळें कपाट आणि आरसा दिवाणखान्यांत आहेत. शेवटच्या वाक्यांत 'एस्ता' लिहावें कीं 'एस्तान', आणि आरामखुर्चीचा तांबडा रंग 'रोखो' कीं 'रोखा', याचा निर्णय ज्यानें त्यानें कारणासह लिहावा.