सरकारचें कर्ज कितपत पेलतें?

अंदाजपत्रक प्रसिद्ध झालें कीं सरकारच्या कर्जाचा आंकडा वाचून अनेक शेतकरी बंधु धास्तावतात. परंतु नुसत्या आंकड्यावरून निर्णय करणें रास्त नव्हे. दहा एकर बागाईतवाल्याचें लाखाचें कर्ज आणि दोन एकर जिराईतवाल्याचें लाखाचें कर्ज यांचें ओझें निरनिराळें असतें. शिवाय माणूस मरतो, सरकार मरत नाहीं. जुन्या रोख्याची मुदत भरली कीं नवा रोखा विकून तें भागवितें. तेव्हां कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या मानानें वाढतें कीं घटतें, हें पाहिलें पाहिजे.

समजा, एखाद्या देशाचें वार्षिक उत्पन्न १,००० रुपये व सरकारचें कर्ज ८०० रुपये असून व्याजाचा दर शेंकडा ७ आहे. सर्व व्याज नवें कर्ज काढूनच दिलें, मात्र त्याउपर एक पैही उचलली नाहीं, तर वर्षअखेर कर्ज ८५६ होईल. त्याच वर्षीं उत्पन्न वाढून १,१०० झालें, तर कर्जाचें प्रमाण शेंकडा ८० वरून ७८ च्या आंत येतें. उत्पन्न १,०४० च झालें, तर तें ८२ च्या वर जातें. उत्पन्नवाढीचा वेग व्याजाच्या दराहून अधिक असेल तोंवर असें कर्ज पेलतें. (हें उत्पन्न चालू भावानें मोजतात, त्यामुळें महागाईनेंही सरकारचें ओझें हलकें होतें, पण तें बचत ठेवणाऱ्याच्या खिशांतून.)

आतां केंद्र सरकारचें सन २०२५-२६ चें अंदाजपत्रक पाहूं. त्यांत रुपयांतील २४ पैसे कर्जाचे धरले होते व २० पैसे व्याजाकडे जावयाचे होते. म्हणजे व्याज वगळतां इतर खर्चासाठीं कर्ज सुमारें ४ पैसेच. या फरकास प्राथमिक तूट म्हणतात, आणि माझ्या मतें मोठ्या मथळ्यांपेक्षां हाच आंकडा अधिक बोलका आहे. एकंदर तूट देशाच्या उत्पन्नाच्या शेंकडा ४.४ धरली असून तींत १.५ महसुली, म्हणजे चालू खर्चाची होती. विहिरीसाठीं काढलेलें कर्ज विहीर फेडते. बारशासाठीं काढलेलें कोण फेडणार? सन २०२०-२१ मध्यें कोरोनाच्या सांथींत तूट शेंकडा ९.२ पर्यंत गेली, तिला मी दोष देत नाहीं. दुष्काळांत कर्ज काढून बैल जगविणारा उधळ्या नव्हे. सुगीच्या वर्षींही ज्याचें खातें फुगतें, तो उधळ्या.

आवर घालण्याचे प्रयत्न झाले. पूर्वीं तिजोरींत खडखडाट झाला कीं सरकार रिझर्व्ह बँकेवर तदर्थ हुंड्या काढून पैसा उभा करी; ती वाट १९९७ सालीं बंद झाली. २००३ च्या कायद्यानें तूट शेंकडा ३ वर आणण्याचें ठरलें, पण मुदत वारंवार पुढें ढकलली गेली.

१९९१ चें संकट निराळ्या जातीचें. तूट त्याच्या मुळाशीं होतीच, पण परदेशचें देणें डॉलरांत द्यावयाचें, आणि डॉलर नाशिकच्या छापखान्यांत छापतां येत नाहींत; जुलैंत सुमारें ४७ टन सोनें गहाण ठेवावें लागलें. आज केंद्राचें बहुतेक कर्ज रुपयांत असून बँका, विमा मंडळें व भविष्यनिर्वाह निधि हे धनको आहेत, म्हणजे आपलेच हप्ते. त्यामुळें सोनें पुन्हां गहाण पडण्याची भीति मला तितकी वाटत नाहीं. व्याजाचे ते २० पैसे मात्र कालवा, रस्ता, गोदाम यांच्या आधीं बाजूला काढावे लागतात, पाऊस पडो वा न पडो.