पहाटे एक वाजून बारा मिनिटांचे ऊन

इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन झाली की घरच्या मंडळींच्या दृष्टीने आपण त्याच दिवशी इंजिनिअर होतो. मिक्सर बंद पडला, बोलवा त्याला. टीव्हीला मुंग्या आल्या, बोलवा त्याला. गेल्या मे महिन्यात परीक्षा आटोपून मी दौंडला घरी गेलो तेव्हा माझ्यापुढे जे काम आले ते मात्र असे नव्हते. त्यात दोन माणसांचे चौदा-पंधरा वर्षांचे भांडण अडकलेले होते. त्यातून जे शिकायला मिळाले ते आपल्या अंकाच्या वाचकांना सांगावे म्हणून हा लेख. जुन्या हँडीकॅमच्या फाइली ज्यांच्या घरी पडून असतील त्यांना थेट उपयोगी पडेल, बाकीच्यांनी गोष्ट म्हणून वाचली तरी चालेल.

माझे आजोबा रेल्वेत होते. रिटायर झाल्यावर काकांनी त्यांना एक कार्डवाला व्हिडिओ कॅमेरा आणून दिला. नक्की कधी, यावर एकमत नाही. काका म्हणतात २००७ ची दिवाळी, बाबा म्हणतात त्याच्या पुढची. पावती कोणाकडे नाही. आजोबा हौशी माणूस. ते चित्रात कधीच दिसत नाहीत, फक्त मध्येच त्यांचा खोकला ऐकू येतो. २९ जानेवारी २०१० ला आजी गेली, पुढे २०१४ मध्ये आजोबाही गेले. मागे राहिली एक डीव्हीडी, त्यात एकोणतीस फाइली.

त्यातल्या एका फाइलीत आजी आणि आत्या अंगणात बसल्या आहेत. आजी आत्याच्या हातावर तिळगूळ ठेवते, दोघी काहीतरी बोलून हसतात, कडुनिंबाच्या सावलीत. दोन मिनिटे दहा सेकंद.

आता भांडण काय? बाबांचे म्हणणे असे, की आजी आजारी पडली तेव्हा अक्का, म्हणजे माझी आत्या, शिरूरहून वेळेवर आलीच नाही. आली ती २२ तारखेला, तेव्हा आजीची वाचा गेलेली होती. शिरूर ते दौंड, न्हावरा-चौफुला करत आले तरी अर्ध्या दिवसाचा प्रवास, अमेरिका नव्हे! आत्या म्हणते, मी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच येऊन गेले होते, आई माझ्याशी बोलली, तुम्ही सगळे ड्युटीवर होता. पुरावा म्हणून ती याच क्लिपकडे बोट दाखवते. आणि बाबा कॉम्प्युटरवर फाइलीची तारीख दाखवतात : १५ जानेवारी २००८. "अक्का, हा दोन वर्षांपूर्वीचा तिळगूळ आहे." विषय तिथेच संपायचा. आई-बाबा दोघेही त्या दिवशी कामावर आणि मी बालवाडीत, त्यामुळे साक्षीदार शून्य.

मी बसलो ते खरे तर फाइली नीट क्रमाने लावायला. आणि पहिल्याच तासात लक्षात आले की "फाइलीची तारीख" नावाची एक वस्तू नसतेच. निदान तीन असतात.

पहिली तारीख फाइल सिस्टिमची. विंडोजमध्ये "क्रिएटेड" आणि "मॉडिफाइड" म्हणून दिसते ती. यातली क्रिएटेड म्हणजे फाइल या डिस्कवर जन्मली तो दिवस, म्हणजे बहुतेक वेळा कॉपी केल्याचा दिवस. आमच्याकडे ती २०१३ दाखवत होती, कारण बाबांनी तेव्हा कार्डावरून फाइली उतरवल्या. दुसरी तारीख फाइलीच्या डब्यावर, म्हणजे कंटेनरवर लिहिलेली. एमपी-फोर आणि मूव्ह या प्रकारांत ती १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद मोजून ठेवतात. म्हणूनच एखाद्या बिघडलेल्या क्लिपवर अचानक १९०४ साल दिसते, त्या रकान्यात शून्य भरलेले असते. (युनिक्सवाल्यांचे शून्य १९७० चे. आपल्याकडे ते १ जानेवारी १९७०, सकाळी साडेपाच असे दिसते. हे साडेपाच कुठून आले ते ज्याला कळले त्याला टाइमझोनचा अर्धा धडा आला!) तिसरी तारीख सगळ्यांत आत, चित्राच्या प्रवाहातच मिसळलेली. आमचा कॅमेरा एव्हीसीएचडी जातीचा, म्हणजे सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या पद्धतीचा. त्याच्या एमटीएस फाइलीत कॅमेऱ्याचे घड्याळ काय दाखवत होते ते चित्राबरोबरच नोंदले जाते. कॉपी करा, नाव बदला, ती नोंद हलत नाही. एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ती वाचता येते.

मी वाचली. १५ जानेवारी २००८, रात्रीचे १ वाजून १२ मिनिटे.

रात्रीचे! आणि अंगणात लख्ख ऊन.

म्हणजे घड्याळ चूक होते हे सिद्ध झाले, पण किती चूक? एएम-पीएमची गफलत तर उघड होती. या कॅमेऱ्यांत मोठ्या बॅटरीशिवाय एक बारकी रिचार्जेबल बॅटरी असते, ती फक्त घड्याळ चालवते. कॅमेरा काही महिने कपाटात पडला की ती उतरते आणि घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर परत जाते. आमच्या कॅमेऱ्याची ती तारीख १ जानेवारी २००८, रात्रीचे बारा, एएम. हे मी कॅमेरा शोधून, चार्ज करून स्वतः पाहिले. पुढचा अंदाज सोपा आहे. आजोबांनी कपाटातून कॅमेरा काढला, चाळिशी न लावता महिना, दिवस, तास, मिनिट भरले, आणि वर्ष व एएम तसेच राहिले. पण अंदाज म्हणजे पुरावा नाही. बाबा म्हणाले, "बारा तास चुकले हे मान्य. वर्ष चुकले कशावरून?" व्हायव्हाला एक्स्टर्नल विचारतो तसा बरोबर मुद्द्यावर घाव.

इथे पद्धत सांगतो, कारण लेखाचे मर्म तेच आहे. घड्याळ चुकीचे असले तरी ते चालत असते. त्यामुळे एका खेपेला सेट केल्यापासून पुढच्या सगळ्या फाइलींत चूक सारखीच असते, एक ठरावीक फरक. तो फरक काढायला चित्रातच अशी एखादी घटना सापडली पाहिजे जिची खरी वेळ कॅमेऱ्याशिवाय दुसरीकडून कळते. एक सापडली तरी पुरे. मी एकोणतीस फाइली दोन रात्री बघत बसलो. (एम-थ्रीचा एवढा अभ्यास केला असता तर केटी लागली नसती.)

मिनिटांचा फरक लवकर सापडला. एका क्लिपमध्ये आजोबा काकांना घ्यायला स्टेशनवर गेले आहेत. कॅमेरा प्लॅटफॉर्मवरून फिरताना वरचे डिजिटल घड्याळ दिसते : १७:४२. फाइलीतली नोंद १७ जानेवारी, ५:३५. म्हणजे बारा तास आणि वर सात मिनिटे मागे. दौंड जंक्शनच्या घड्याळावर विश्वास ठेवायला माझी हरकत नव्हती. एक गंमत सांगतो. १९०६ च्या आधी याच दौंडला स्टेशनवर एक वेळ आणि मुंबईच्या हिशोबाने दुसरी वेळ असे. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे, आणि मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटे. पुरा अर्ध्या तासाचा घोळ. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची प्रमाणवेळ आली. तरी सूर्य कुठे ऐकतो? दौंडचा रेखांश साधारण ७४.६, अंशाला चार मिनिटे धरली तर दौंडची सरासरी दुपार १२ वाजून ३२ मिनिटांनी होते. जानेवारीच्या मध्यावर तर सूर्य आणखी नऊ मिनिटे उशीर करतो.

हे गणित उगाच नाही केले. तिळगुळाच्या क्लिपमध्ये १:१२ ला बारा तास सात मिनिटे मिळवली की दुपारचे १ वाजून १९ मिनिटे होतात. तेव्हा सूर्य माथ्यावरून थोडा पश्चिमेला गेलेला हवा आणि सावली उत्तरेकडे पडून जराशी पूर्वेला झुकलेली. अंगणातल्या खांबाची सावली तशीच होती. ती तपासायला मी चित्र थांबवले, मोठे केले, आणि सावलीशेजारच्या उन्हाच्या कवडशांकडे बघतच राहिलो.

कडुनिंबाखाली पडणारे कवडसे गोल असतात. पानांमधली फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोलच, कारण प्रत्येक फट सुईच्या छिद्राच्या कॅमेऱ्यासारखी वागते आणि खाली पडते ती सूर्याची प्रतिमा. अकरावीच्या फिजिक्समध्ये हे शिकलो होतो. या चित्रातले कवडसे गोल नव्हते. आजीच्या पायाशी, पाटावर, आत्याच्या पदरावर, शेकडो कवडसे, आणि प्रत्येकाचा एका बाजूने लचका तोडलेला. जमिनीवर चंद्रकोरी सांडल्यासारख्या.

सूर्यग्रहण! १५ जानेवारी २०१०, शुक्रवार, संक्रांतीचा दुसरा दिवस. कन्याकुमारी आणि धनुष्कोडीला कंकणाकृती दिसलेले, या शतकातले सर्वांत जास्त वेळ टिकलेले कंकणाकृती ग्रहण. आपल्या भागात ते खंडग्रास होते आणि एक ते दीडच्या दरम्यान सर्वांत जास्त. जानेवारी २००८ मध्ये पृथ्वीवर कुठेही सूर्यग्रहण नव्हते. घरातल्या सगळ्यांनी ही क्लिप दहा-दहा वेळा पाहिली होती, पण सगळे आजीचा चेहरा बघत होते. जमिनीकडे कोण बघतो?

आता दुरुस्ती. इथे मी जवळजवळ चुकलो होतो, म्हणून जरा सावकाश. मला वाटले, वर्षात दोन मिळवायचे, झाले. पण २००८ लीप वर्ष. कॅमेरा आपल्या समजुतीने २००८ जगत होता, त्यामुळे त्याने २९ फेब्रुवारीही जगली. खऱ्या २०१० मध्ये ती नव्हती. म्हणजे "दोन वर्षे" मिळवली तर फेब्रुवारीपर्यंतच्या तारखा बरोबर येतील आणि मार्चपासून एक दिवस चुकेल. मिळवायचे ते दिवस : ३६६ अधिक ३६५, एकूण ७३१. पूर्ण फरक ७३१ दिवस, १२ तास, ७ मिनिटे.

याची परीक्षा अनपेक्षितपणे झाली. मी फोनवर आत्याला विचारले, आणखी काही आहे का, तर तिच्या कपाटात दुसरे कार्ड निघाले. आजी गेल्यावर आजोबा दीड महिना शिरूरला राहिले होते, कॅमेरा बरोबर. आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता, पण गल्लीतली रंगलेली पोरे नळाखाली उभी आहेत अशी एक क्लिप. कॅमेऱ्याची तारीख : २९ फेब्रुवारी २००८, पहाटे १:४०. ७३१ दिवस, १२ तास, ७ मिनिटे मिळवा : १ मार्च २०१०, दुपारी १:४७. कॅलेंडर काढा : धुळवड! अंगावर काटा आला म्हटले तर हसाल, पण आला. (घड्याळाचा स्फटिक दिवसाला एक-दोन सेकंद इकडेतिकडे होतो, दीड महिन्यात मिनिटभर. ते मी सोडून दिले.)

प्रत्यक्ष बदल करताना तीन गोष्टी सांभाळा. मूळ फाइलींना हात लावू नका, आधी दोन ठिकाणी प्रती ठेवा. दोन कार्डांवर फाइलींचे नंबर शून्यापासून सुरू होतात, एकाच फोल्डरमध्ये टाकल्या तर एक दुसरीला खाऊन टाकते, म्हणून वेगळी फोल्डरे करा. आणि एक्झिफटूल एमटीएसमधली आतली तारीख वाचते पण लिहीत नाही. म्हणून मी एफएफएमपेग वापरून चित्र-आवाज पुन्हा एन्कोड न करता नुसता डबा बदलला, एमटीएसचे एमपी-फोर केले, आणि नव्या डब्यावर तारीख लिहिली. क्वालिटी तीच राहते. पायथनच्या वीस ओळींत सगळ्या फाइली झाल्या.

फक्त एक खड्डा आहे. एमपी-फोरमधली वेळ ग्रिनिचची धरली जाते. दुपारचे १:१९ तसेच लिहिले तर मोबाइल त्यात साडेपाच तास मिळवून संध्याकाळचे ६:४९ दाखवतो. म्हणून लिहायचे सकाळचे ७:४९. मी पहिल्यांदा हे विसरलोच, आणि आजी संध्याकाळी उन्हात बसली! काही कॅमेरेसुद्धा इथे स्थानिक वेळच लिहून मोकळे होतात. तुमच्या सगळ्या क्लिप बरोबर साडेपाच तासांनी पुढे दिसत असतील तर घड्याळाला दोष देऊ नका, रोग हा आहे.

बाबांना मी तारीख दाखवली नाही, चित्र थांबवून कवडसे दाखवले. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "त्या दिवशी ऑफिसच्या गच्चीवर आम्ही काळी काच घेऊन उभे होतो." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे मी ग्रहण बघत होतो तेव्हा अक्का इथे होती."

रात्री त्यांनी शिरूरला फोन लावला. मी बाहेरच्या खोलीत होतो, एकच बाजू ऐकू आली. "अक्का, जेवलीस का?" मग बराच वेळ नुसते हं, हं. आत्याने मला नंतर सांगितले की त्याने तारखेचे काही काढलेच नाही, आई तेव्हा काय बोलली एवढेच विचारले. आवाज त्या क्लिपमध्ये नीट येत नाही, वाऱ्याची घरघर फार आहे. आत्याला तो शब्द न् शब्द पाठ आहे.

दोन्ही कार्डांच्या मिळून एक्केचाळीस फाइलींपैकी एकोणचाळीस जागेवर बसल्या. उरलेल्या दोन आधीच्या कुठल्यातरी खेपेच्या आहेत, तारीख १ जानेवारी २००८ च्या पुढे मोजून चार मिनिटे. एकीत पूर्ण अंधार आणि लांब कुठेतरी गाडीची शिटी. दुसरीत आजोबांचा अंगठा.